वायफाय ड्रायव्हरच्या एचएएलचं डॉक्युमेंटेशन: रजिस्टरचा सातबारा कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याचा मुलगा, जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. इंटर्नशिपमध्ये त्याच्याकडे जुन्या अथेरॉस चिपचा वायफाय ड्रायव्हर दिलाय, त्यातल्या हार्डवेअर अ‍ॅब्स्ट्रॅक्शन लेयरचं म्हणजे एचएएलचं डॉक्युमेंटेशन करायचंय. वीसेक फायली, कॉमेंट जवळपास नाहीतच. गाईड म्हणाले डॉक्सिजन, म्हणजे कोडवरून डॉक्युमेंट बनवणारं टूल, चालव आणि पीडीएफ दे. याने चालवलं, भलीमोठी पीडीएफ निघाली आणि त्यात फंक्शनची नावं सोडून काहीच नाही. आता विचारतोय कुठून सुरू करू, आणि प्रत्येक रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा, समजावून लिहायचं का.

भाऊ, आधी एक सांगतो, तुझं काही चुकलं नाही. डॉक्सिजन हे छापखान्याचं मशीन आहे, मजकूर तुलाच द्यावा लागतो. मजकूर नसेल तर ते फंक्शनचं नाव मोठ्या अक्षरात छापतं आणि खाली लिहितं की हे फंक्शन इंटिजर घेतं आणि इंटिजर देतं, जे कोडमध्ये दिसतच होतं. मी हे काम पुण्यात बरीच वर्षं केलं, आता भुसावळला घरून करतो, आणि सोबत ओळखीच्या केळीवाल्यांच्या गोदामांचे वायफाय लिंक सांभाळतो, त्यामुळे उत्तरात थोडी केळी येणार, चालवून घे.

एचएएल म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो म्हणजे पुढचं लागेल. वरती मॅक८०२११ म्हणजे लिनक्सचा वायफायचा सामाईक थर बसलाय, त्याला वायफायचे नियम माहितीयेत पण तुझी चिप माहीत नाही. खाली चिप आहे, तिला फक्त रजिस्टर कळतात, अमुक पत्त्यावर तमुक आकडा लिही, बस. मधला माणूस म्हणजे एचएएल. वरून कोणी म्हणतं चॅनल ३६ वर जा, आणि एचएएल त्याचं भाषांतर करून शेकडो रजिस्टर ठरलेल्या क्रमाने लिहून काढतो. लिनक्सवाले एचएएल या शब्दालाच नाक मुरडतात, त्यांचं म्हणणं मध्ये उगाच भिंत कशाला, पण नाव काहीही दे, ते काम कोणाला तरी करावंच लागतं आणि ते लिहूनही ठेवावं लागतं.

तुझ्या चिपचा इतिहास माहीत करून घे, कारण डॉक्युमेंटेशन का नाही याचं उत्तर त्यातच आहे. लिनक्सवर अथेरॉससाठी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, त्याचा वरचा भाग उघडा आणि एचएएल मात्र बंद, नुसती बायनरी मिळायची. कारण असं दिलं जायचं की चिप रेडिओ आहे, सॉफ्टवेअरने तिला परवानगी नसलेल्या फ्रिक्वेन्सीवरही नेता येतं, मग सरकारी रेडिओ नियमांचं काय. मग ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या राइक फ्लोएटरने चिप कशी वागते ते बघून बघून स्वतःचा एचएएल लिहिला, तो पुढे लिनक्सवर ओपनहॅल या नावाने आला. २००७ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने त्याची तपासणी करून सांगितलं की यात चोरी नाही, आणि त्यावरच उभा राहिलेला एटीएच५के ड्रायव्हर २००८ मध्ये कर्नल म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या २.६.२५ आवृत्तीत आला. त्याच वर्षी अथेरॉसने स्वतःहून नव्या चिपसाठी एटीएच९के दिला आणि जुन्या एचएएलचा सोर्सही उघडा केला. म्हणजे बघ, तुझ्या हातातल्या कोडचा बराचसा भाग ज्यांनी लिहिला त्यांच्याकडे डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेला चिपचा तपशील, नव्हतीच, त्यांनाही जे कळलं ते चिपला विचारून कळलं. पुढे २०११ च्या शेवटी निक कोसिफिडिसने एटीएच५केच्या हार्डवेअर फंक्शनांवर कर्नल-डॉक, म्हणजे लिनक्सच्या ठरलेल्या साच्यातल्या, कॉमेंटी चढवल्या. तुझ्याकडची प्रत त्याच्या आधीची असणार. नवी प्रत काढ आणि शेजारी ठेवून वाच, पण नुसती कॉपी मारू नको, का ते पुढे सांगतो.

आता मूळ मुद्दा. कोड काय करतो हे कोड स्वतः सांगतो. एचएएलच्या डॉक्युमेंटमध्ये जे कोड सांगू शकत नाही तेवढंच लिहायचं. हे म्हणायला सोपं आहे म्हणून मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो. तुमच्या घरी शेती असेलच. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, भोगवटादाराचं नाव असतं, क्षेत्र असतं, पीक असतं. पण जमीन घेणारा माणूस पहिल्यांदा काय बघतो? इतर हक्काचा रकाना. सोसायटीचा बोजा आहे का, विहिरीत दुसऱ्याचा हिस्सा आहे का, वाट कोणाची जाते. नाव आणि क्षेत्र बरोबर असून इतर हक्कात गडबड असली की व्यवहार बुडाला. रजिस्टरचं अगदी तसंच आहे. पत्ता म्हणजे गट नंबर, कोणत्या ब्लॉकचं आहे तो भोगवटादार, बिट म्हणजे पीक, आणि इतर हक्क म्हणजे हे वाचलं किंवा लिहिलं तर आणखी कुठे काय हलतं. हेडर फाईलमध्ये पहिले तीन रकाने भरलेले असतात, चौथा कोरा. तुझं काम चौथा रकाना भरायचं.

बोजा कसा असतो ते बघ. अथेरॉसच्या ५२११ पासून पुढच्या चिपमध्ये इंटरप्ट (चिपने ड्रायव्हरला मारलेली हाक) स्टेटसचं रजिस्टर दोन पत्त्यांवर दिसतं. एका पत्त्यावर वाचलं तर नुसतं दिसतं, दुसऱ्यावर वाचलं की वाचता वाचता साफ होतं, त्याला रीड अँड क्लिअर म्हणतात. मी नवा असताना डीबगसाठी एक लूप लिहिला होता, पहिल्या पत्त्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी रजिस्टर वाचून फाईलमध्ये टाकायची, मस्त चालला. फक्त दर वेळी डंप काढला की कार्ड थोड्या वेळाने मुकं व्हायचं. दोन दिवस मी ड्रायव्हरमध्ये बग शोधला आणि बग माझ्या डंपमध्ये होता, मीच मधल्या मध्ये इंटरप्ट खाऊन टाकत होतो, ड्रायव्हरला कळायचंच नाही की पॅकेट आलंय. हेडरमध्ये त्या रजिस्टरपुढे कोणी एक ओळ लिहिली असती, 'वाचलं की साफ होतं, डंपमध्ये घेऊ नका', तर ते दोन दिवस वाचले असते. तुझी पहिली यादी हीच बनव, वाचल्याने ज्यांच्यात फरक पडतो अशी सगळी रजिस्टर. यादी छोटी निघते पण सगळ्यात महागडी असते.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःहून उतरणारा बिट. पीएचवाय म्हणजे चिपच्या रेडिओकडच्या भागात, एजीसी (सिग्नलची वाढ आपोआप सांभाळणं) कंट्रोल रजिस्टरात कॅलिब्रेशनचा बिट आहे, तू तिथे १ लिहितोस, चिप कॅलिब्रेशन करते आणि झालं की स्वतःच तो ० करते. कोड वाचणाऱ्याला वाटतं की १ लिहिलाय म्हणजे १ राहील, आणि कोणीतरी हुशार माणूस पुढे ते रजिस्टर वाचून, एक बिट बदलून, परत लिहितो आणि चुकून अर्धवट कॅलिब्रेशन पुन्हा सुरू करतो. इथे लिहायचं की बिट कोण चढवतो, कोण उतरवतो, आणि किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं.

तिसरा प्रकार एककाचा, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण मला स्वतःला याने दोन सीझनआधी मे महिन्यात गच्चीवर उभं केलं होतं. सावद्याच्या बाजूला एका गोदामापासून मळ्यापर्यंत लिंक टाकायची होती, सरळ रेषेत साधारण ८ किलोमीटर, मध्ये सगळी केळी, पण टॉवर उंच त्यामुळे अडचण नाही. जुने अथेरॉसचे बोर्ड पडून होते, २.४ गिगाहर्ट्झवर चालवले, ड्रायव्हरमध्ये अंतराचा हिशोब आम्हीच हाताने घातलेला. सिग्नल झक्कास. पिंग जातोय. पण स्पीड म्हणशील तर कॅमेऱ्याचं चित्र दोन मिनिटाला एकदा हलायचं. आधी अँटेना हलवला, मग केबल बदलली, मग मळ्याचे मालक म्हणाले भो उन्हाने झालं असेल, आणि भुसावळचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे मलाही ते पटलं. संध्याकाळीही तेच, तेव्हा पटणं बंद झालं.

झालं होतं असं. वायफायमध्ये प्रत्येक फ्रेमला पलीकडून पावती येते, एसीके. ती ठराविक वेळेत आली नाही तर पाठवणारा समजतो फ्रेम हरवली आणि पुन्हा पाठवतो. घरात अंतर पाच मीटर, वेळ जवळपास शून्य. ८ किलोमीटरला प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो या हिशोबाने जायला साधारण २७ मायक्रोसेकंद आणि यायला तेवढेच. म्हणून थांबायची वेळ वाढवावी लागते. लिनक्समध्ये हे कव्हरेज क्लासने होतं, एक क्लास म्हणजे ३ मायक्रोसेकंद म्हणजेच ४५० मीटर, ८ किलोमीटरला १८ वा क्लास, म्हणजे ५४ मायक्रोसेकंद जास्तीचे. त्यात वायफायच्या ठरलेल्या थांबायच्या वेळा, छोटा स्लॉट ९ आणि सिफ्स १०, मिळवल्या की झाले ७३ मायक्रोसेकंद. इथपर्यंत आमचं बरोबर होतं. पण चिपच्या टाइमआउट रजिस्टरला मायक्रोसेकंद कळतच नाहीत, तिला तिच्या घड्याळाचे टिक लागतात. आणि ते घड्याळ ५ गिगाहर्ट्झच्या ए मोडला ४० मेगाहर्ट्झने चालतं, २.४ च्या जी मोडला ४४ ने, बी मोडला २२ ने. आमच्या फंक्शनमध्ये ४० पक्कं बसवलेलं, कारण ज्याने लिहिलं त्याने ५ गिगावर टेस्ट केलं होतं. ७३ गुणिले ४० म्हणजे २९२०. चिपने ते ४४ च्या घड्याळाने मोजले, म्हणजे प्रत्यक्षात साधारण साडेसहासष्ट मायक्रोसेकंद. साडेसहा मायक्रोसेकंद कमी पडले, जाऊन येऊन एक किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तीच लिंक ७ किलोमीटरवर सुरळीत चालली असती आणि ८ वर पावती दारात येऊन उभी आणि आपण दार लावून घेतलेलं. फ्रेम पोचते, पावती निघते, तरी पाठवणारा तेच तेच परत पाठवत बसतो. सिग्नलच्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

फंक्शनच्या डोक्यावर काय लिहिलेलं होतं माहितीये? 'एसीके टाइमआउट सेट करतं.' एवढंच. फंक्शनचं नावही तेच. मग ती ओळ कोणासाठी लिहिली? तिथे हवं होतं की पॅरामीटर मायक्रोसेकंदात आहे, रजिस्टर टिकमध्ये आहे, टिकचा दर मोडवर अवलंबून आहे, म्हणून चॅनल किंवा मोड बदलला की हे फंक्शन पुन्हा बोलवावं लागतं. चार वाक्यं. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण ते कोडच्या कुठल्याच एका ओळीत लिहिलेलं नाही.

म्हणून प्रत्येक आकड्याला एकक लावायची सवय कर. सिग्नलचे आकडे असतील तर डीबीएम की डीबी की अर्ध्या डीबीच्या पायऱ्या. नॉइज फ्लोअर तर आणखी गमतीशीर, रजिस्टरात तो ९ बिटांचा साइन असलेला आकडा असतो, तू सरळ वाचलास तर ४१७ दिसेल आणि तू म्हणशील हे काय, पण तो उणे ९५ डीबीएम आहे, ५१२ मधून ९५ गेले की ४१७. हे एका उदाहरणासकट लिहून ठेव, 'साइन एक्स्टेंड करा' असं नुसतं लिहू नको, उदाहरण दिलं की वाचणारा स्वतःचा आकडा पडताळून बघतो.

वेळेचंही तसंच. चिपमध्ये टीएसएफ नावाचं ६४ बिटांचं घड्याळ असतं, मायक्रोसेकंद मोजतं, पण रजिस्टर ३२ बिटांची त्यामुळे दोन तुकड्यात वाचावं लागतं. तू वरचा तुकडा वाचलास, मग खालचा वाचेपर्यंत खालचा भरून शून्यावर आला तर? खालचा तुकडा दर ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी भरतो, म्हणजे हा बग सव्वा तासातून एकदा, तोही नशिबात असेल तरच. असला बग टेस्टिंगमध्ये कधीच सापडत नाही, तो फक्त गिऱ्हाइकाकडे सापडतो. एटीएच५केमध्ये वरचा, खालचा आणि पुन्हा वरचा वाचतात, वरचा बदललेला दिसला तर परत फिरतात, आणि असं का करतोय, किती वेळा फिरायचं, तो आकडा का निवडला, हे सगळं तिथेच कॉमेंटमध्ये लिहिलंय. ती कॉमेंट उघडून वाच. एचएएलची चांगली कॉमेंट कशी असते ते त्यातून कळतं. आणि ती नसती तर काय झालं असतं? कोणीतरी 'हे दोनदा का वाचू राह्यले' म्हणून साफसफाईत एक ओळ उडवली असती.

आता कुठून सुरू करायचं. फायली नावाच्या क्रमाने घेऊ नको, त्याने जीव जातो. दोन वाटा धर. पहिली वाट रीसेटची. एचएएलचा कणा म्हणजे रीसेटचं फंक्शन, चॅनल बदलला तरी तेच, कार्ड अडकलं तरी तेच. त्यात जे जे होतं ते क्रमाने एका कागदावर लिही, हो कागदावरच, आधी चिप जागी कर, मग रीसेट, मग सुरुवातीची व्हॅल्यू, मग रेडिओ, मग पॉवर, मग कॅलिब्रेशन, मग रांगा, मग इंटरप्ट. मग प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचार, हे दोन उलटे केले तर चालेल का? चालेल तर तसं लिही. नाही तर का नाही ते लिही. आणि माहीत नसेल तर 'क्रम मूळ ड्रायव्हरसारखा ठेवलाय, कारण माहीत नाही' असं स्वच्छ लिही. लाजू नको.

मध्ये मध्ये थांबायच्या वेळा येतात, त्यांच्याकडे नीट बघ. रीसेट रजिस्टर लिहिल्यावर एटीएच५के १५ मायक्रोसेकंद थांबतो आणि शेजारी कारण आहे, निदान १२८ पीसीआय क्लॉक थांबायचं. आता ३३ मेगाहर्ट्झला १२८ क्लॉक म्हणजे ४ मायक्रोसेकंदही होत नाहीत, म्हणजे १५ मध्ये भरपूर मोकळीक ठेवलीये. हे दोन्ही आकडे कळले की उद्या कोणाला वेळ कमी करायची असेल तर किती खाली जाता येईल ते कळतं. नुसता १५ असेल तर तो देवाचा आकडा होतो, त्याला कोणी हात लावत नाही, आणि नाहीतर कोणीतरी ५० करतं, पुढचा १०० करतो, आणि चॅनल बदलायला चहा होईल एवढा वेळ लागतो.

दुसरी वाट एका फ्रेमची. वरून पॅकेट आलं, डिस्क्रिप्टर म्हणजे चिपसाठी त्या पॅकेटची चिठ्ठी बनली, रांगेत लागली, पुढे काय? इथे क्यूसीयू, डीसीयू, पीसीयू अशी नावं येतात आणि नवा माणूस गडबडतो. भुसावळ जंक्शन डोळ्यासमोर आण. क्यूसीयू म्हणजे यार्डात उभी गाडी, कधी सोडायची ते ठरवणारा, भरली की सोड, किंवा बीकन, म्हणजे राउटरची ठराविक वेळाने जाणारी हजेरीची फ्रेम, असेल तर घड्याळ बघून सोड. डीसीयू म्हणजे सिग्नलवाला, पुढची लाईन मोकळी आहे का, किती थांबायचं, बॅकऑफ म्हणजे टक्कर टाळायला वरून किती थांबायचं. मग एक आर्बिटर ठरवतो कोणाची आधी, तिथे बीकन म्हणजे राजधानी, ती आली की बाकीच्या बाजूला. त्यानंतर पीसीयू आणि मग पीएचवाय, म्हणजे प्रत्यक्ष हवेत. एटीएच५केमध्ये प्रत्येक क्यूसीयूला स्वतःचा डीसीयू दिलाय, एकास एक, हार्डवेअर मात्र अनेकांना एक असंही करू देतं. रांगा कागदावर १२, पण बऱ्याच रजिस्टरात पहिल्या १० चीच सोय आहे म्हणून वापरायला १०. असल्या गोष्टी कुठल्याच एका फंक्शनच्या डोक्यावर मावत नाहीत, त्या फाईलच्या सुरुवातीला मोठ्या परिच्छेदात लिहायच्या, कर्नल-डॉकमध्ये त्याला डॉक ब्लॉक म्हणतात. खरं सांगू का, मला तुझ्या कामात फक्त डॉक ब्लॉक दिसले आणि फंक्शनच्या कॉमेंटी अर्ध्याच असल्या तरी मी पास करीन. उलटं असेल तर नाही.

फंक्शनच्या कॉमेंटीत काय हवं ते पटकन सांगतो. पॅरामीटर एककासकट. परत काय देतं आणि चूक झाली तर चिप कोणत्या अवस्थेत सोडून देतं. झोपू शकतं का, म्हणजे इंटरप्टमधून बोलवलं तर चालेल का. कोणतं लॉक आधी धरलेलं हवं. चिप जागी हवी का, आणि हे महत्त्वाचं आहे कारण अथेरॉसची चिप झोपलेली असताना रजिस्टर वाचलं तर डेडबीफ असा हेक्स आकडा येतो, आणि कार्डच निघालं असेल तर सगळे एफ. हे दोन आकडे डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर टाक, अर्ध्या लोकांचं काम तेवढ्यात होतं. आणि शेवटी कोणत्या चिपला लागू, ५२१० ला की ५२११ ला की ५२१२ आणि पुढे. ५२१० बऱ्याच ठिकाणी वेगळी वागते, तिथे 'सर्व चिपसाठी' असं आळसाने लिहिलंस तर ते खोटं आहे.

प्रत्येक रजिस्टर समजवायचं का, हा तुझा दुसरा प्रश्न. नाही. इनिटव्हल्स म्हणजे सुरुवातीच्या व्हॅल्यूंची फाईल उघडून बघ, पत्ता आणि आकडा, पत्ता आणि आकडा, पानंच्या पानं. त्यातल्या बऱ्याच आकड्यांचा अर्थ चिप बनवणाऱ्यालाच माहीत, आरएफच्या बफरचं तर विचारूच नको, तिथे बिट उलटे करून भरावे लागतात. त्यांचा अर्थ शोधत बसलास तर दोन वर्षं जातील. तिथे फक्त एवढं लिही की टेबल कुठून आलं, कोणत्या चिपच्या कोणत्या रिव्हिजनचं, कोणत्या मोडचा कॉलम कोणता, आणि यातली कोणती रजिस्टर पुढे दुसरं कोणीतरी बदलतं. हे शेवटचं लोक विसरतात. टेबलमध्ये एक आकडा, नंतर पॉवरचं फंक्शन तेच रजिस्टर बदलतं, आणि माणूस टेबल बदलून डोकं खाजवतो की फरक का पडत नाही.

आता ते 'कॉपी मारू नको' म्हणालो त्याबद्दल. एचएएलच्या प्रत्येक वाक्याला मी एक शेपूट लावतो, हे कुठून कळलं. माझ्याकडे तीनच शेपटं आहेत. छापील, म्हणजे चिप कंपनीच्या कागदात किंवा त्यांच्याच उघड्या सोर्समध्ये आहे. मोजलेलं, म्हणजे मी स्वतः चिपवर बघितलं, कोणत्या रिव्हिजनवर ते सोबत. आणि अंदाज. दुसऱ्याच्या कॉमेंटीतून घेतलं तर त्याचंही नाव लिहायचं, कारण उद्या ती चूक निघाली तर कुठे कुठे पसरली ते शोधता येतं. सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतो ना, प्रत्येक नोंद कोणत्या व्यवहाराने आली तो, तसाच हा. तो नसला तर एकाचा अंदाज दुसऱ्याच्या कागदात 'असे आहे' होतो आणि तिसरा त्यावर कोड लिहितो. अंदाज लिहिणं वाईट नाही, अंदाज आहे हे न लिहिणं वाईट.

आणि कुठून कळलं यात कायद्याचाही भाग आहे. कोणी तुला व्हॉट्सअ‍ॅपवर गोपनीय शिक्का असलेली डेटाशीट पाठवली तर तिच्यातलं एक वाक्यही उघड्या ड्रायव्हरमध्ये टाकू नको, अख्खा प्रोजेक्ट अडचणीत येतो. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी लोकांनी हे फार शिस्तीत केलं होतं, एका गटाने बंद ड्रायव्हर उलगडून नुसतं स्पेसिफिकेशन लिहायचं आणि दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर न बघता फक्त स्पेसिफिकेशन वाचून कोड लिहायचा. तो बीसीएम४३एक्सएक्स ड्रायव्हर २००६ मध्ये २.६.१७ मध्ये आला. मला ते कायद्यापेक्षा डॉक्युमेंटेशनची परीक्षा म्हणून आवडतं. तुझं लिहिलेलं वाचून, तुझा कोड न बघता, दुसऱ्या माणसाला चिप चालू करता आली पाहिजे. तुझ्या बॅचमधल्या एकाला पकड, शेवभाजी खाऊ घाल, आणि त्याला फक्त तुझा कागद देऊन विचार की चॅनल बदलायला काय काय करशील. तो जिथे अडेल तिथे खूण कर. तो जिथे न अडता चुकेल तिथे दोन खुणा कर.

स्वतः पडताळायचं असेल तर कर्नलमध्ये एमएमआयओट्रेस आहे, ड्रायव्हर कोणत्या पत्त्यावर काय लिहितो-वाचतो ते वेळेसकट नोंदवतं. एकदा चॅनल बदल, ट्रेस घे, आणि तुझ्या कागदावरच्या क्रमाशी ताडून बघ. पहिल्या वेळी जुळणार नाही, माझंही जुळलं नव्हतं, मी कॅलिब्रेशन पॉवरच्या आधी लिहून बसलो होतो कारण फाईलमध्ये ते फंक्शन वर होतं. कॉमेंटींचा साचा बरोबर आहे का, पॅरामीटर सुटला का हे कर्नल-डॉकची स्क्रिप्ट सांगते, ती रोज चालव, पण ती फक्त रकाना भरलाय का ते बघते, खरं भरलंय का ते नाही. आणि कॉमेंट कोडच्या फाईलमध्ये फंक्शनला चिकटून ठेव, हेडरमध्ये किंवा वेगळ्या वर्डच्या फाईलीत ठेवलीस तर कोड पुढे जातो आणि ती मागे राहते. गाईडला पीडीएफ लागतेच, तर ती त्यातूनच काढून दे.

भाषेचं तू विचारलं नाहीस पण सांगतो. कर्नलमध्ये जाणारी कॉमेंट इंग्रजीतच लागते, साधी छोटी वाक्यं, चुकलं तर लोक सुधारतात. पण आधीचा कच्चा कागद मराठीत लिही, अहिराणीत लिहिलास तरी चालेल. माझा अनुभव असा की इंग्रजीत लिहिताना आपण न कळलेली गोष्टही ऐटीत लिहून टाकतो, आणि आपल्या भाषेत लिहायला गेलो की पेन अडतं आणि कळतं की अरे हे आपल्याला समजलेलंच नाही.

सध्या बाकी सगळं ठेव बाजूला आणि रीसेटचं एकच फंक्शन घे, आठवडा दे त्याला. अडलास तर विचार, पण विचारताना सोबत एसआरईव्ही रजिस्टरमधला चिपचा रिव्हिजन नंबर टाक आणि कार्ड पीसीआयचं आहे की राउटरच्या आतलं तेही टाक, राउटरमधल्या जुन्या मिप्स प्रोसेसरच्या बोर्डांवर बाइटचा क्रम उलटा असू शकतो आणि मग तुझा आकडा आणि माझा आकडा जुळायचा नाही.